परदेशी भाषा मुलींना लवकर येतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गेली बरीच वर्षं मी जर्मन शिकवते. चौकशीच्या फोनवर आधी फी विचारली जाते, मग बॅचची वेळ, आणि तिसरा प्रश्न फार वेळा असा असतो: "मुलगा आहे हो, जमेल ना त्याला?" किंवा उलट, "मुलगीच आहे, तिला काय, पटकन येईल." एकच उत्तर फोनवर किती वेळा द्यायचं, म्हणून लिहून काढलं.

मुलींना भाषा पटकन येतात, हे खरं का?

थोडं खरं आहे. "थोडं" हा शब्द मात्र गाळू नका.

या विषयावरचा एक मोठा अभ्यास नेदरलँड्सचा आहे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. बाहेरच्या देशांतून तिथे येऊन डच शिकणाऱ्या २७,११९ प्रौढांचे परीक्षेतले गुण त्यात तपासले होते. माणसं ८८ देशांतली, मातृभाषा ४९. बोलण्यात आणि लिहिण्यात बायका पुढे निघाल्या. शिक्षण किती, आले तेव्हा वय किती, तिथे राहून किती वर्षं झाली, अभ्यासाला किती तास दिले, हे सगळं हिशेबात धरलं तरी पुढेच राहिल्या. वाचून आणि ऐकून समजण्यात मात्र दोघांत फरक सापडला नाही.

संशोधकांचा कल "यात काहीतरी उपजत असावं" याकडे झुकला. मला त्या आकड्यांत दुसरी गोष्ट दिसते. भाषा कानांनी आणि डोळ्यांनी आत घेताना दोघं बरोबरीनं चालतात. ती तोंडातून आणि पेनातून बाहेर काढायची वेळ आली की अंतर पडतं. फरकाचं कारण निव्वळ उपजत असतं तर तो आत घेतानाही दिसायला हवा होता, असं माझं साधं मास्तरकीचं तर्कशास्त्र. खाली मी या मुद्द्याशी पुन्हा पुन्हा येणार आहे, आधीच माफी मागून ठेवते.

"थोडं" म्हणजे नेमकं किती?

जॅनेट हाइड आणि मार्शिया लिन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८८ मध्ये भाषिक क्षमतेवरचे १६५ अभ्यास एकत्र करून पाहिले. हे मुख्यतः स्वतःच्या भाषेतल्या क्षमतेबद्दलचे अभ्यास होते. स्त्रियांची आघाडी निघाली ०.११. हा संख्याशास्त्रातला आकडा आहे, तो घरगुती भाषेत सांगते. रस्त्यानं जाणारा कुठलाही एक पुरुष आणि कुठलीही एक बाई, अशा शंभर जोड्या उभ्या केल्या, तर साधारण ५३ जोड्यांत बाई पुढे असेल आणि ४७ जोड्यांत पुरुष. नाणं उडवून ठरवण्यापेक्षा हे फार वेगळं नाही. तुमच्या घरात असलेला पोरगा त्या ४७ मधला आहे की ५३ मधला, हे आकडा सांगत नाही.

शाळकरी वयात वाचनातलं अंतर याहून मोठं दिसतं. १५ वर्षांच्या मुलांची पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. २०१८ मध्ये विकसित देशांच्या सरासरीत मुली वाचनात ३० गुणांनी पुढे होत्या, २०२२ मध्ये २४ गुणांनी. पण तिथे शाळेच्या भाषेतलं वाचन तपासतात, परकी भाषा नाही. आणि कोण हौसेनं पुस्तकं वाचतं, कोण नाही, हा हिशेब त्यात आलाच.

बायकांच्या मेंदूचे दोन्ही भाग भाषेसाठी चालतात म्हणे?

हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं वाक्य आहे आणि त्याला मूळ आहे. १९९५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. १९ पुरुष, १९ स्त्रिया. शब्दांचं यमक जुळतं का हे ओळखताना पुरुषांच्या मेंदूत डावीकडची एक जागा उजळली, आणि १९ पैकी ११ स्त्रियांच्या मेंदूत दोन्हीकडच्या. जगभर बातम्या झाल्या. उरलेल्या ८ जणींचं काय, हे बातम्यांत कुणी विचारलं नाही.

पुढे २००४ मध्ये डच संशोधक इरिस सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे असे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले. एकत्र केल्यावर तो फरक टिकला नाही.

टिकलेली एक गोष्ट आहे. शब्दांची यादी ऐकवून थोड्या वेळानं आठवायला सांगितली, किंवा "अमुक अक्षरानं सुरू होणारे शब्द मिनिटभरात सांगा" म्हटलं, तर स्त्रिया सरासरीनं किंचित पुढे असतात. साडेतीन लाखांहून जास्त लोकांचे निकाल एकत्र केल्यावरही तसंच दिसलं. शब्द पाठ करताना याचा जरासा फायदा होत असेल. पण शब्द पाठ होणं आणि तिकिटाच्या खिडकीपाशी ते तोंडात येणं यांच्यामध्ये बराच रस्ता आहे.

बायका जास्त बोलतात, म्हणून त्यांना भाषा येते, असं आहे का?

नाही. बाई दिवसाला २०,००० शब्द बोलते आणि पुरुष ७,०००, हा आकडा खूप गाजला, त्याला आधार सापडला नाही. २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावून मोजलं. मुली १६,२१५, मुलगे १५,६६९. एवढा फरक तर दोन सोमवारांतही पडतो.

माझी मुलगी दीड वर्षाची असतानाच बोलायला लागली, मुलगा अडीच वर्षांचा होईतो गप्प होता. हाच फरक पुढे परक्या भाषेत दिसतो का?

लहानपणी मुली थोड्या आधी बोलतात, हे अनेक भाषांत दिसलेलं आहे. पुढे ते अंतर कमी होत जातं.

याच वयातली एक गंमत सांगते. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १० मुली आणि १५ मुलगे होते. इंग्रजीत "होल्ड"चं भूतकाळी रूप "हेल्ड" होतं. लहान मुलं नियम लावून "होल्डेड" म्हणतात. अशा चुका मुली कमी करतील असा अंदाज होता, कारण त्यांना शब्द चांगले आठवतात. निघालं उलटं, मुलींनीच त्या खूप जास्त केल्या. संशोधकांचं म्हणणं असं की मुली "फोल्डेड", "मोल्डेड" असे सारखे वाजणारे शब्द आठवून त्यांच्या चालीवर नवा शब्द बेततात. म्हणजे चूक झाली ती जास्त आठवल्यामुळे. आपल्याकडची पोरंसुद्धा "करलं" म्हणतातच की. म्हणून माझ्या वर्गात चुकांची संख्या मोजून कुणाला हुशार किंवा ढ ठरवायचं नाही, असा दंडक आहे.

मुलगा आठवीत आहे. जर्मन घेतलं आहे, पण वर्गात तोंडच उघडत नाही. मुलींना सगळं येतं. काय करू?

हा प्रश्न विचारणाऱ्या आया आणि बाबा मिळून शंभरेक तरी झाले असतील, तेव्हा जरा ऐसपैस उत्तर देते.

जर्मनमध्ये एक स्वर आहे, उ-वर दोन टिंबं दिलेला. तो असा काढायचा: तोंडातून "ई" म्हणत राहायचं आणि ओठांचा मात्र "ऊ"सारखा चंबू करायचा. आरशासमोर करून बघा. माणूस चक्क बावळट दिसतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलग्याला चार मित्रांसमोर असा चंबू करायला सांगणं म्हणजे त्याची वरात काढण्यासारखं आहे. तो दोन मार्गांनी सुटतो: एक तर मुद्दाम वेडावाकडा आवाज काढून सगळ्यांना हसवतो, नाहीतर "ई" असं सपाट म्हणून खाली बघतो. मुली लाजत नाहीत असं नाही, त्याही लाजतात. पण त्या एकमेकींकडे बघून हसतात आणि करून टाकतात. त्यांच्या घोळक्यात ते चालतं. मुलग्यांच्या घोळक्यात नीट फ्रेंच किंवा जर्मन उच्चार काढणारा "शहाणा" ठरतो, आणि त्या वयात याहून वाईट विशेषण नाही.

इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदाव्या वर्षानंतर परकी भाषा ऐच्छिक झाली, तेव्हा भाषा घेणाऱ्यांची एकूण संख्याच घसरली, आणि भाषा ठेवणाऱ्यांत मुलींचं पारडं जड राहिलं. ऑस्ट्रेलियातही "भाषा हा मुलींचा विषय" हे वाक्य मुलग्यांच्याच तोंडून संशोधकांनी नोंदवलेलं आहे. आपल्याकडे दहावीला संस्कृत किंवा जर्मन "स्कोरिंग" म्हणून घेतात, त्यामुळे मुलगेही टिकून राहतात. मार्कांच्या हावेचा एवढा एक तरी फायदा.

माझा एक विद्यार्थी होता. दोन महिने एक अक्षर बोलला नाही. एके दिवशी मी हजेरी घेताना बाकावरून पुटपुट ऐकू आली, तर गडी जपानी कार्टूनमधले संवाद हेल काढून, पात्राच्या आवाजात म्हणत होता, उच्चार अगदी घासूनपुसून. म्हणजे परक्या भाषेत नाटक करायला त्याला आवडत होतं, फक्त स्वतः होऊन बोलायचं नव्हतं. पुढच्या तासाला मी संवादाचे कागद वाटले आणि त्याला म्हातारा, चिडका दुकानदार दिला. चंबू निघाला! दुकानदाराचा होता ना तो, त्याचा नव्हता.

घरी एवढंच करा: "ती बघ कशी बोलते" हे वाक्य बंद. त्याला मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करू द्या, दार लावून. बाईंना सांगा की त्याला अख्ख्या वर्गासमोर उभं करण्याआधी जोडीत बोलायला द्या. आणि दहावीपर्यंत त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ "येत नाही" असा लावू नका. लेखी पेपर बघा.

मग भाषेच्या क्लासमध्ये मुलीच जास्त का असतात?

कुठल्या भाषेच्या, कुठल्या वेळेच्या, हे आधी बघायला हवं. सकाळी अकराच्या बॅचला माझ्याकडे बायका जास्त. संध्याकाळी सातच्या बॅचला हिंजवडीहून धापा टाकत येणारे इंजिनिअर. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यानंतर चौकशीला इलेक्ट्रिशियन आणि ड्रायव्हरही येऊ लागले, म्हणजे आणखी पुरुष. नर्सेस येतात त्यांत मात्र मुली जास्त, आणि नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला साधारण बी२ (ए१ या पहिल्या पातळीपासून मोजलं तर चौथी) लागतं, तेव्हा त्या सगळ्यांहून लांबचा पल्ला मारतात.

हंगेरीत १९९३ ते २००४ या काळात तीन वेळा मिळून १३ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना विचारलं होतं, कुठल्या भाषेची ओढ आहे. फ्रेंच आणि इटालियनकडे मुली ओढल्या गेल्या, जर्मनकडे मुलगे. भाषेलाही लोक बायकी-पुरुषी ठरवून टाकतात. फ्रेंच "नाजूक", जर्मन "कडक". जर्मनमधली अंगाई ऐकली की हे मत बदलतं, पण तोवर अर्ज भरून झालेला असतो.

यात संशोधनाचीही एक मेख आहे. परक्या भाषेच्या वर्गात मजा येते की भीती वाटते, यावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत १,७३६ जणांनी उत्तरं दिली. त्यांत १,२८७ स्त्रिया आणि ४४९ पुरुष. प्रश्नावली भरायलाच तिप्पट बायका! त्यांना मजाही जास्त येते असं निघालं, आणि चुका होतील म्हणून धाकधूकही जास्त. माझ्या वर्गात अगदी असंच दिसतं. उत्तर येत असूनही "मॅडम, चुकलं तर?" असं आधी म्हणणाऱ्या मुली असतात. मुलगे चुकलेलं उत्तर ठणकावून देतात.

परीक्षेत कोण पुढे असतं?

परीक्षा काय मोजते त्यावर आहे. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा एन५ (सगळ्यांत सोपी) पासून एन१ (सगळ्यांत अवघड) पर्यंत असते, आणि तिच्यात बोलण्याचा किंवा निबंध लिहिण्याचा भागच नाही. सगळं वाचून, ऐकून पर्याय निवडायचा. म्हणजे जिथे नेदरलँड्समध्ये फरक सापडला नव्हता, नेमक्या त्याच दोन गोष्टी. एन२ झालेला माणूस जपानी पाहुण्यासमोर घामाघूम होतो, हे पुण्यात रोज घडतं. उलट जर्मनच्या ए१ मध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही असतात आणि शंभरात साठ लागतात. स्वतःला गप्प बसायची सवय असेल, तर बोलण्याचा भाग नसलेली परीक्षा सोपी वाटेल. त्यावर खूश होऊ नका.

पुरुषांना परदेशात राहून भाषा जास्त चांगली येते, असं ऐकलं. मग वरचं सगळं उलटं नाही का?

उलटं आहे, आणि म्हणूनच मला ते फार मोलाचं वाटतं.

१९८० च्या दशकात रशियन शिकायला रशियात जाऊन राहिलेल्या साडेसहाशेहून जास्त अमेरिकन विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला होता. मायदेशी परतल्यावर बोलण्याच्या परीक्षेत मुलग्यांनी मुलींपेक्षा जास्त प्रगती केलेली दिसली. आता घ्या, उपजत क्षमता कुठे गेली? लिव्हिया पोलॅन्यी या भाषाभ्यासक बाईंनी विद्यार्थ्यांच्या रोजनिशा आणि मुलाखती तपासल्या. मुलग्यांच्या नोंदींत रशियन मुलींबरोबरच्या लांबलचक, रमतगमत चाललेल्या गप्पा होत्या. समोरची व्यक्ती थांबते, शब्द सुचवते, हसते. मुलींच्या नोंदींत अंगचटीला येणारे पुरुष, अर्धवट तोडलेली संभाषणं. त्याही भाषा शिकत होत्या, पण "मला जाऊ दे" हे सात प्रकारे कसं म्हणायचं, ही भाषा. परीक्षेत ती कुणी विचारत नाही.

आपल्याकडच्याच दोन माणसांची गोष्ट शेजारी ठेवून बघा. गोव्यातल्या साखवळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. बुद्धाच्या ओढीनं घर सोडलं, पुण्यात आणि काशीत संस्कृत शिकले, नेपाळला गेले, १९०२ मध्ये श्रीलंकेत जाऊन पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात. मोठा माणूस, वाद नाही. घर सोडलं तेव्हा मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. तशीच ओढ त्यांच्या पत्नीला लागली असती, तर तान्ह्या मुलीला ठेवून एकटीनं बनारसची गाडी पकडता आली असती का? दुसऱ्या पंडिता रमाबाई, जन्म १८५८. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करला आणि रानात जाऊन राहिले. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या, कानडी, बंगाली, हिंदी, इंग्रजी अवगत केलं, आणि उतारवयात केडगावला बसून बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. त्यांचंही आयुष्य भटकण्यात गेलं, पण ती आईबापांची, मग दुष्काळाची फरपट होती. भाषा डोक्यात राहते, पण ती मिळवायला पाय मोकळे असावे लागतात.

नवरा जर्मनीत नोकरीला आहे. मला ए१ द्यायची आहे. लग्नानंतर अभ्यास सुटला आहे, जमेल का?

जमेल, ताई. पहिली गोष्ट: जोडीदाराच्या व्हिसासाठी ए१ ची अट जर्मनीनं २००७ मध्ये आणली, पण नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना) असेल तर तुम्हाला ती लागू होत नाही. त्याला आधी कार्ड बघायला सांगा. अट नसली तरी भाषा शिकूनच जा, नाहीतर तिथे डॉक्टरकडेही त्याच्या रजेच्या दिवशीच जावं लागेल.

ए१ च्या तोंडी परीक्षेत आधी स्वतःची ओळख करून द्यायची असते. समोर शब्द लिहिलेले असतात: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. बायका "व्यवसाय"पाशी अडखळतात. जर्मन येत नसतं म्हणून नव्हे. माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. सरावाच्या कागदावर तिनं "हाउसफ्राउ" लिहिलं, म्हणजे गृहिणी. मग खोडलं. मग शेवटी "-इन" हा बाईसाठीचा प्रत्यय लावून "मिक्रोबिओलोगिन" लिहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, चालेल ना? नोकरी सोडून चार वर्षं झालीत." चालतं. परीक्षकाला वाक्य बरोबर आहे का ते बघायचं असतं, पगाराची स्लिप नाही.

कॅनडातल्या स्थलांतरित स्त्रियांवर बॉनी नॉर्टन यांनी केलेला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यात चेकोस्लोव्हाकियातून आलेली एक बाई आहे, तोडकंमोडकं इंग्रजी बोलणारी, फोनवर बोलायला घाबरणारी. घरमालकानं भाड्यावरून अडवणूक केली तेव्हा ती फोनवर तासभर त्याच्याशी भांडली, मोडक्या इंग्रजीतच. घरादाराचा प्रश्न आला की व्याकरणाची लाज पळते. तुम्हालाही तिथे बालवाडीच्या बाईंशी, भाज्यांच्या दुकानात, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा यावरून शेजारणीशी बोलावंच लागेल. सहा महिन्यांनी नवरा तुम्हाला विचारायला येतो, कारण त्याच्या ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

जपानी शिकलेले मुलगे बायकी बोलतात म्हणे?

कधीकधी, हो. जपानीत "मी"साठी वेगवेगळे शब्द आहेत: "वाताशी" कुणालाही चालतो, "बोकु" आणि "ओरे" पुरुषी. वाक्याच्या शेवटी येणारे "झो", "झे" पुरुषी, आणि "काशिरा" बायकी मानतात, जरी आजच्या तरुण जपानी मुली ते फारसं वापरत नाहीत. शिकवणाऱ्या बहुतेक बाई असल्या आणि मुलगा त्यांचीच लकब उचलत गेला, की तिकडे गेल्यावर लोक गालातल्या गालात हसतात. पुस्तकी आदरार्थी रूपं दोघांना सारखीच, त्यामुळे ऑफिसात निभावतं. मित्रांबरोबर प्यायला बसल्यावर पंचाईत होते.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. मराठी शिकणारा परदेशी पुरुष घरमालकीणबाईंकडून शिकला की दारात उभा राहून "मी येते हं" म्हणतो. आणि कोल्हापूरकडच्या बायका "मी आलो" म्हणतात, तेव्हा पुण्यातले लोकही असेच हसतात. हसणाऱ्यांचं काय घेऊन बसायचं.

मी खरं तर डेर-डी-डास, म्हणजे व्याकरणातलं लिंग शोधत इथे आलो.

आलात तर बसा. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, त्यामुळे कल्पना नवी नाही, वाटणी नवी आहे. सूर्य आपल्याकडे तो, तिकडे ती. टेबल आपल्याकडे ते, तिकडे तो. मुलगी म्हणजे "मेटशन" तिकडे नपुंसकलिंगी, कारण "-शन" हा लाडाचा प्रत्यय लागला की सगळं नपुंसक होतं. नवल वाटून घेऊ नका, आपणही "ते पोरगं", "ते मूल" म्हणतोच. बायकांना स्त्रीलिंगी नामं लवकर पाठ होतात असं मात्र अजून आढळलेलं नाही. सगळे सारखेच चुकतात.

मुलांनी आणि मुलींनी वेगवेगळ्या पद्धतीनं अभ्यास करावा का?

नको. अमेरिकेत १९८९ मध्ये बाराशे विद्यार्थ्यांच्या पाहणीत असं दिसलं की मुली अभ्यासाच्या जास्त युक्त्या वापरतात: वहीत उदाहरणं टिपणं, न कळलं तर विचारणं, सराव करणं. त्या युक्त्यांवर कुणाचं नाव लिहिलेलं नाही. मुलग्यानंही वही ठेवावी.

शिकवायला बाई बऱ्या की सर?

ज्यांच्या तासाला शिक्षकांपेक्षा विद्यार्थी जास्त बोलतात, ते.

आम्ही नवरा-बायको दोघंही ए१ करतोय. एकाच बॅचला बसावं का?

शक्य असेल तर वेगवेगळ्या. एकाच बाकावर बसलेली जोडपी मी पुष्कळ पाहिली. प्रश्न तिला विचारला की तो उत्तर देतो, किंवा तो अडखळला की ती शब्द पुरवते, आणि आठवड्याभरात दोघांतला एक जण बोलायचं सोडून देतो. कुणी सोडायचं हे प्रत्येक घरात वेगळं असतं.

सराव मात्र घरी एकत्र करा. तोंडी परीक्षेच्या शेवटच्या भागात चित्रांच्या चिठ्ठ्या देतात आणि त्यावरची वस्तू नम्रपणे मागायची असते. तशा चिठ्ठ्या करून फ्रिजवर लावा. चहा हवा असेल त्यानं पूर्ण वाक्यात, जर्मनमध्ये मागायचा. क्रियापद चुकलं तर चहा नाही. चहा दोन्ही भाषांत पुल्लिंगी आहे, तेवढी एक सोय. आणि मागायची पाळी कुणाची, करायची कुणाची, हे दिवसाआड बदला.